पावणेतीन वर्षांच्या कारभाराचा हिशेब लोकांसमोर मांडण्याबाबत निवेदन

वडूज, ता. खटाव, जि. सातारा
दिनांक : 31 डिसेंबर 2024

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी तथा प्रशासक,
जिल्हा परिषद, सातारा

मार्फत : मा. गट विकास अधिकारी तथा प्रशासक, पंचायत समिती खटाव, वडूज

विषय : मार्च 2022 पासून प्रशासकीय अधिकारात घेतलेले खटाव तालुक्यासंबंधीचे निर्णय जाहीर करणे, टंचाई आराखडा व सन 2025-26 चे अंदाजपत्रक अंतिम होण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घेणे आणि प्रलंबित निवडणुकांबाबत शासनाकडे पाठपुरावा करणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही खटाव तालुक्यातील खाली सह्या करणारे ग्रामस्थ आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या सातारा जिल्हा परिषदेच्या आणि खटाव पंचायत समितीच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून आजपर्यंत जिल्हा परिषदेत सदस्य नाही, पंचायत समितीत सभापती नाही. पावणेतीन वर्षे झाली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, गट-गणांची संख्या आणि त्यांची रचना यांवरचे वाद सर्वोच्च न्यायालयात आहेत आणि त्यांचा निकाल लावणे आपल्या हाती नाही, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. हे निवेदन कोणा अधिकाऱ्याच्या विरोधात नाही. सभागृह नसताना कार्यालये चालू ठेवण्याचे ओझे अधिकारी-कर्मचाऱ्यांवर पडले आहे, हेही आम्ही पाहतो. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-ई नुसार पंचायतीची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. यंदा 7 मे रोजी लोकसभेचे आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान आम्ही आमच्याच गावातल्या शाळांत केले. केंद्रे उभी राहिली, यंत्रे आली, याद्या लागल्या. दिल्लीला आणि मुंबईला आमचा प्रतिनिधी गेला. वडूजच्या पंचायत समितीत मात्र गेला नाही.

यामुळे काय बिघडले, असे कोणी विचारील. पगार होतात, दाखले मिळतात, बिले निघतात. बिघडले ते असे की, आता विचारायला जागा राहिली नाही. पंचायत समितीची सभा कायद्याने महिन्यातून एकदा व्हायची. त्या सभेत खातेप्रमुख समोर बसत. एखाद्या गणाचा सदस्य उठून विचारी की, अमक्या वस्तीवरच्या शाळेची खोली दोन पावसाळे गळते आहे, तिची दुरुस्ती कोणत्या यादीत आहे? शाखा अभियंत्याला तिथेच उत्तर द्यावे लागे. उत्तर नसले तर पुढच्या सभेत द्यावे लागे, कारण प्रश्न इतिवृत्तात गेलेला असे. सगळेच सदस्य असे जागरूक होते, असा आमचा दावा नाही. पण गप्प बसणाऱ्या सदस्यालाही गावात आल्यावर पारावर चार माणसे गाठत होती. आज तीच चार माणसे अर्ज घेऊन येतात, आवक शिक्का मारून घेतात, पोच खिशात घालतात आणि परत जातात. पुढे त्या अर्जाचे काय झाले, हे सभागृहात उभे राहून विचारणारा कोणी नाही.

याच वडूजमध्ये नगरपंचायतीचे लोकनियुक्त सभागृह 2022 पासून काम करीत आहे. नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाला आपल्या प्रभागातले गटार तुंबले तर कोणाच्या दारात जायचे हे ठाऊक आहे. हद्द ओलांडून शेजारच्या गावात गेले की सरपंचाच्या वर थेट कार्यालय. सरपंचाचे अधिकार गावापुरते. दोन गावांना जोडणारा रस्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रातले रिकामे पद, पशुवैद्यकीय दवाखान्यातला औषधसाठा, शाळेतला शिक्षक हे सारे जिल्हा परिषदेचे विषय आहेत. मायणी, निमसोडच्या माणसाने ते विचारायला प्रत्येक वेळी साताऱ्याची वाट धरायची, हे वडूजला तालुक्याचे ठिकाण असताना योग्य नाही.

महोदय, हा तालुका कारभारात वाटा मागायला नवा नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. त्याआधी, 21 जानेवारी 1939 रोजी, याच तालुक्यातल्या औंधमध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपणहून सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. गांधीजींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रिडमन आणि अप्पासाहेब पंत यांच्या मेहनतीने ती उभी राहिली. गावाने पंच निवडायचे आणि तिथून तालुका व संस्थानाच्या विधिमंडळापर्यंत प्रतिनिधी पाठवायचे, अशी तिची मांडणी होती. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून राज्यभर हीच साखळी उभी राहिली. एका संस्थानिकाने 1939 साली जे दिले, ते 2024 साली त्याच औंधच्या ग्रामस्थांना नाकारले जाऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.

डिसेंबरअखेरचा हा काळ आमच्याकडे घरी परतण्याचा असतो. पुसेगावच्या श्री सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गलाई व्यवसायासाठी परराज्यांत असलेली आणि मुंबईत माथाडी काम करणारी माणसे गावी येतात. रथावर भाविक नोटांच्या माळा घालतात. रथ जागेवर आला की त्या नोटांची मोजणी होते आणि यंदा किती देणगी जमली, हा आकडा वर्तमानपत्रांतून सगळ्यांना कळतो. दहा रुपये वाहणाऱ्यालाही एकूण रक्कम ठाऊक असते. घरपट्टी, पाणीपट्टी आणि शासनाकडून येणारा निधी ही आमचीच वर्गणी आहे. तिचा आकडा आणि तिच्यावर झालेले निर्णय आम्हाला तितक्याच सहजपणे कळावेत, अशी आमची मागणी आहे.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी आहे की, मार्च 2022 ते डिसेंबर 2024 या काळात प्रशासक म्हणून सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, विषय समित्या आणि पंचायत समिती यांच्या अधिकारात घेतलेल्या, खटाव तालुक्याशी संबंधित सर्व निर्णयांची यादी मराठीत तयार करून पंचायत समितीच्या फलकावर, जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. यादीत कामाचे नाव, गाव, लेखाशीर्ष, प्रशासकीय मान्यतेची तारीख व रक्कम, कार्यारंभ आदेश, काम आज कोणत्या टप्प्यावर आहे आणि किती बिल अदा झाले, एवढे रकाने असावेत. ही माहिती प्रत्येक फाइलमध्ये आहेच, फक्त एकत्र करायची आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 नुसार ती कोणी न मागता प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा शासन निर्णयही 2018 पासून लागू आहे. पण मोलमजुरी करणाऱ्या माणसाने सोमवारचा रोजगार बुडवून वडूजला यायचे आणि नेमकी कोणती फाइल मागायची हेही त्यालाच माहीत असायचे, ही अपेक्षा जड आहे. यादी गावात लागली तर प्रश्न आपोआप नेमके होतील आणि आपल्या कार्यालयातली गर्दीही कमी होईल.

यासोबतच पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा खुलासा व्हावा. राज्यात या निधीची वाटणी ग्रामपंचायतीला 80 टक्के, पंचायत समितीला 10 टक्के आणि जिल्हा परिषदेला 10 टक्के अशी ठरली आहे. रीतसर निवडून आलेले सभागृह असेल तरच निधी मिळेल, अशी अट असल्याने वरच्या दोन्ही स्तरांचा वाटा अडकला आहे. सभागृह नसल्याचा थेट तोटा आमच्या रस्त्या-पाण्याला होतो आहे. खटाव पंचायत समितीचा आणि जिल्हा परिषदेचा प्रत्येक वर्षी किती वाटा येणे होता, किती आला आणि किती अडकला, हे आकड्यांत सांगावे. आयोगाचा कालावधी मार्च 2026 ला संपतो. अडकलेली रक्कम त्यानंतर मिळणार की बुडणार, याविषयी शासनाकडे लेखी विचारणा करून मिळालेले उत्तर आम्हाला कळवावे.

दुसरी मागणी पाण्याची आहे. खटाव हा अवर्षणप्रवण तालुका. यंदा पाऊस बरा झाला म्हणून उन्हाळा सोपा जाईल, असे पूर्व भागातले कोणी म्हणणार नाही. टंचाई आराखड्याचा दुसरा टप्पा उद्या, 1 जानेवारीला सुरू होतो, तिसरा एप्रिलला. टँकरचा प्रस्ताव कसा जातो ते गावकऱ्यांना तोंडपाठ आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, मग संयुक्त पाहणी, मग मंजुरी. विहिरीच्या तळाशी कळशीही नीट बुडेना अशी वेळ आल्यावर ठराव होतो आणि पाहणी होईपर्यंत बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन शिवार तुडवतात. तेव्हा दोन्ही टप्प्यांचा आराखडा गावनिहाय आताच जाहीर करावा. कोणत्या विहिरी अधिग्रहित होणार, कोणत्या वाड्यावस्त्या टँकरसाठी धरल्या आहेत आणि जलजीवन मिशनची कोणती योजना अर्धवट असल्याने तिथे टँकर लागणार आहे, हे त्यात स्पष्ट असावे. प्रस्ताव आल्यापासून संयुक्त पाहणी किती दिवसांत होईल, याचीही मुदत ठरवून द्यावी.

जिल्हा परिषदेचे 2025-26 चे अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होईल. सभागृह असते तर त्यावर चर्चा झाली असती. ते नाही, म्हणून फेब्रुवारीत वडूज येथे एक खुली बैठक घ्यावी, अशी आमची तिसरी मागणी आहे. तिथे खातेप्रमुखांनी आपापल्या विभागाची मागील वर्षाची कामे आणि पुढील वर्षाच्या तरतुदी वाचून दाखवाव्यात आणि लोकांच्या सूचनांची इतिवृत्तात नोंद व्हावी. 1961 च्या अधिनियमात सरपंच समितीची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन तालुक्यातल्या सरपंचांना दर महिन्याला एकत्र बोलावण्याचा विचार व्हावा. सरपंच आजही लोकांनी निवडलेले आहेत आणि हा दुवा हाताशी असताना तो वापरला जावा.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभा नावापुरत्या होऊ नयेत, यासाठी आपल्या स्तरावरून सर्व ग्रामपंचायतींना परिपत्रक काढावे. ग्रामसभेत निर्णयांची वरील यादी वाचली जावी. घरकुल लाभार्थ्यांचा प्राधान्यक्रम नावानिशी वाचला जावा. 1 लाख 20 हजारांचे घरकुल ही गरिबाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम असते आणि तिच्याबद्दलची कुजबुज थांबवायची तर यादी मोठ्याने वाचण्यासारखा उपाय नाही.

शेवटी, निवडणुकांबाबत. राज्य निवडणूक आयोगाला आदेश देणे आपल्या अधिकारात नाही. परंतु लोकनियुक्त सभागृहाअभावी सातारा जिल्ह्याचे नेमके काय नुकसान होत आहे, याचा वस्तुस्थितीदर्शक अहवाल ग्रामविकास विभागामार्फत शासनाला पाठवणे आपल्याला शक्य आहे. तो पाठवावा आणि त्याची प्रत जाहीर करावी, ही विनंती.

या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर 20 जानेवारी 2025 पर्यंत मिळावे. तोपर्यंत उत्तर न मिळाल्यास 23 जानेवारी रोजी सकाळी 11 वाजता आम्ही पंचायत समितीच्या आवारात शांततेने बसू आणि आपल्या प्रतिनिधीने निर्णयांची यादी वाचून दाखवावी, एवढेच मागू. त्या दिवशी कार्यालयात कामासाठी येणाऱ्या कोणाचीही अडवणूक होणार नाही, याची जबाबदारी आमची राहील.

आपले विश्वासू,
खटाव तालुक्यातील ग्रामस्थ
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. राज्य निवडणूक आयुक्त, मुंबई
मा. प्रधान सचिव, ग्रामविकास व पंचायतराज विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. तहसीलदार, खटाव (वडूज)