अमेरिकेची फाईल आणि घरातले लग्न



२०२५ सालच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. संध्याकाळी ऑफिसातून येऊन आम्ही चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच दारात आमच्या वस्तीतले एक गृहस्थ उभे. वयाने आमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. हातात एक जुनी, कोपरे झिजलेली प्लॅस्टिकची फाईल. चेहरा मात्र असा की आनंदाची बातमी आहे की दुःखाची, हे कळू नये.

"दादा, अक्काचा फोन होता. अमेरिकेहून पत्र आलं. आपला नंबर लागला."

ती फाईल आम्ही ओळखली. ओळखणारच, कारण २००६ साली ती आम्हीच लावून दिली होती. तेव्हा आम्ही नुकतेच बी. कॉम. होऊन नोकरीला लागलो होतो. इंग्रजी कागद आला की वस्तीतली माणसे आमच्याकडे येत. भाऊंची थोरली बहीण नर्स होऊन अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली आणि पाठच्या भावाला बोलावून घ्यावे म्हणून तिने अर्ज केला. अर्ज तिने तिकडे भरला, इकडचे कागद आम्ही गोळा केले. त्या वेळी भाऊंनी विचारले होते, "दादा, किती दिवस लागतील?" आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले होते, "लागतील चार-पाच वर्षं."

लागली एकोणीस. वाचकहो, आमचे ते उत्तर चुकीचे होते, आणि त्या चुकीची किंमत आम्ही नाही, त्या घराने मोजली. म्हणून आजचा हा लेख.

आधी ही रांग काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत १९६५ साली नवा कायदा झाला. त्याआधी भारतीयांना तिथे कायमचे राहायला जाणे जवळजवळ बंदच होते. १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघी शंभर माणसे घ्यायचे ठरले होते. १९६५ च्या कायद्याने नातेवाईकांना जागा दिली आणि त्यात नागरिकाच्या भावाबहिणींनाही बसवले. मात्र सगळ्यांत शेवटच्या पायरीवर. नागरिकाचे आईवडील, नवराबायको आणि लहान मुले यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांना आहे. १९९० च्या कायद्याप्रमाणे सगळ्या जगातल्या भावंडांसाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा. त्यातही कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांचा बांध.

शिवाय हे ६५,००० म्हणजे कुटुंबे नव्हेत, डोकी. भाऊ, वहिनी आणि दोन मुले असे चौघे निघाले तर चार व्हिसा गेले. हिशेब करून पाहा. प्रत्येक घरातले चौघे धरले तर जगभरातून वर्षाला जेमतेम सोळा हजार घरे. म्हणूनच २०२५ साली भारतातल्या २००६ च्या अर्जांची पाळी चालली होती. मेक्सिकोची तर २००१ च्या अर्जांची. ही रांग पैसे भरून पुढे सरकत नाही. कुणी एजंट "दोन वर्षांत करून देतो" म्हणाला, तर तो खोटे बोलतो आहे असे खुशाल समजावे. दर महिन्याला तिथले सरकार कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज घेतले ते जाहीर करते. ते पाहायला एक पैसाही लागत नाही.

आता भाऊंच्या घरी येऊ. अर्ज झाला तेव्हा मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दोन वर्षांचा. "आपण आता जायचंच आहे" हे वाक्य त्या घरात शिरले आणि ठाण मांडून बसले. घराची गळकी कौले बदलायची, तर "आता कशाला, जायचंच आहे." भाऊंना बढती मिळत होती, पण बदलीच्या गावी जावे लागणार, तर "चार वर्षांसाठी कशाला?" त्यांनी बढती नाकारली. वहिनींचे शिवणाचे मशीन मोडले ते दुरुस्त झाले नाही. मध्यंतरी म्हाताऱ्या आईला अक्का घेऊन गेली. आईची पाळी वर्षाच्या आत लागली, कारण तिला रांग नव्हती. भाऊ विमानतळावरून परत आले ते आणखीच खात्री बाळगून, की आता आपलेही दूर नाही.

वर्षे गेली तशी बहीणभावांत बोलणे कमी झाले. भाऊंना वाटे, अक्काने मनावर घेतले नाही. अक्काला वाटे, मी अर्ज केला, फी भरली, तरी मलाच बोल. खरे पाहता दोघांचीही चूक नव्हती. रांग लांब होती, आणि ती लांब आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ज्याने सांगायला हवे होते तो आमच्यासारखा शिकलेला माणूस अंदाजाने बोलून मोकळा झाला होता.

आणि नंबर लागला तो केव्हा? मुलगी चोवीस वर्षांची झाल्यावर, ती सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यावर, आणि दिवाळीनंतर तिचे लग्न ठरल्यावर.

भाऊंनी विचारले, "पोरीचं नाव अजून कागदावर राहील का?"

आम्ही या वेळी अंदाज केला नाही. दोन दिवस मागून घेतले, नियम वाचला, एका जाणकार वकिलाला विचारले. नियम असा. भावाबरोबर त्याची बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले जाऊ शकतात. पण २००२ साली तिथे मुलांच्या वयाचे रक्षण करणारा कायदा झाला. त्याप्रमाणे, नंबर लागला तेव्हाच्या वयातून अर्ज मंजुरीवाचून जितका काळ सरकारदरबारी पडून राहिला तितका वजा करतात. भाऊंचा अर्ज मंजूर व्हायला चार वर्षे लागली होती. चोवीस वजा चार, वीस. पोरगी बसत होती. मात्र एका वर्षाच्या आत पुढची कार्यवाही सुरू करायची, आणि अमेरिकेत पाऊल ठेवेपर्यंत तिने अविवाहित राहायचे. लग्न झाले की नाव गेले.

हे ऐकून भाऊ म्हणाले, "मग लग्न पुढे ढकलू."

वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्ही म्हटले, "भाऊ, हे तुम्ही नाही, आम्ही नाही, पोरीने ठरवायचं आहे. तिला बसवू आणि सगळं सांगू."

एका रविवारी सगळे बसले. फोनवर अक्का. आम्ही कागदावर तीन वाटा लिहिल्या. पहिली, ठरल्या दिवशी लग्न करायचे आणि नाव सोडायचे. पुढे वडील तिथले नागरिक झाल्यावर विवाहित मुलीसाठी अर्ज करू शकतील, पण ती दुसरी लांब रांग. दुसरी, लग्न थांबवून आधी जायचे, मग इथे येऊन लग्न करायचे आणि नवऱ्यासाठी अर्ज करायचा. त्यातही काही वर्षांची ताटातूट. तिसरी, कुणीच जायचे नाही.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आत्या, तू माझं नाव घातलंस तेव्हा मी पाच वर्षांची होते. रांगेत मी उभी राहिले नव्हते, मला उभं केलं होतं. तुझ्यावर राग नाही. पण माझी नोकरी इथे आहे, माणूस इथे आहे. मी ठरल्या दिवशी लग्न करते. बाबा, तुम्ही तिघं जा. माझ्यासाठी थांबू नका आणि माझ्यावर रुसूनही जाऊ नका."

पलीकडून अक्काचा रडण्याचा आवाज आला. भाऊंनी बऱ्याच वेळाने मान डोलावली. दिवाळीनंतर बुद्धवंदनेने लग्न लागले. अक्का त्यासाठी खास आली होती आणि बहीणभाऊ मांडवात शेजारी-शेजारी बसले होते. फाईल आता तिघांच्या नावाने पुढे गेली आहे.

ज्यांची भावंडे परदेशात आहेत त्या वाचकांसाठी चार गोष्टी.

एक. भावंडासाठी अर्ज फक्त अमेरिकेचा नागरिकच करू शकतो, तोही एकवीस वर्षांवरचा. नुसते ग्रीन कार्ड असून चालत नाही. ब्रिटनमध्ये सज्ञान भावंडांसाठी अशी सर्वसाधारण सोयच नाही. कॅनडात ती फार थोड्या अपवादांपुरती आहे.

दोन. नाते कागदाने सिद्ध करावे लागते. दोघांच्या जन्मदाखल्यांवर निदान एक पालक समान हवा. आमच्या घरांत इथेच घोळ होतो. अक्काच्या शाळेच्या दाखल्यावर जुने आडनाव, भाऊंच्या दाखल्यावर वडिलांनी नंतर लावलेले नवे आडनाव, आणि जन्माची नोंद गावी कुणी केलेलीच नाही. अशा वेळी नोंद नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, राजपत्रातील नावबदल आणि जाणत्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

तीन. बोलावणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. येणाऱ्यांना सरकारवर भार होऊ देणार नाही, असे लिहून द्यावे लागते. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे अक्काचे घरचे दोघे आणि हे चौघे अशा सहा माणसांसाठी वर्षाला सुमारे ५४,००० डॉलर उत्पन्न दाखवायला हवे होते. उत्पन्न कमी पडल्यास दुसरा जामीनदार चालतो. भांडण झाले म्हणून ही लेखी हमी सुटत नाही. आणि बोलावणारा मधेच वारला तर अर्ज कोलमडतो. तो पुन्हा उभा करण्याची विनंती करता येते, पण ती मानणे अधिकाऱ्याच्या हाती. तेव्हा बहिणीवर रुसण्यापूर्वी तिच्या डोक्यावर काय आहे ते समजून घ्या.

चार, आणि सर्वांत महत्त्वाची. अर्ज जरूर करावा. त्यात काही वाईट नाही. पण अर्ज करून फाईल कपाटात ठेवावी आणि विसरावी. पत्ता बदलला तर कळवावा, इतकेच. कौले बदलावीत, बढती घ्यावी, मुलांना शिकवावे, त्यांची लग्ने त्यांच्या मनाने व्हावीत. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते शिकण्यासाठी, आणि शिकून परत आले. मुलाला अमेरिका पाहायची असेल तर शिक्षणाची वाट त्याच्या स्वतःच्या पायांची आहे. तिथे आत्याच्या नंबराची वाट पाहावी लागत नाही.

परवा भाऊंच्या घरावरून गेलो. छपरावर नवे पत्रे चढत होते. आम्ही खालून विचारले, "काय भाऊ, जायचंय ना?"

भाऊ वरूनच म्हणाले, "जायचं तेव्हा जाऊ, दादा. पाऊस तर यंदाच येणार आहे!"