कुठली रात्र?

वाचकहो, गेल्या खेपेला आम्ही परसातल्या टोमॅटोंचे कौतुक सांगितले होते. या खेपेला एक कबुली द्यायची आहे.

आमच्या ओहायोतल्या गावात हौशी आकाशनिरीक्षकांचा एक क्लब आहे. एम.एस. करायला इकडे आलो तेव्हापासून आम्ही त्याचे सभासद. आपल्या मंडळाच्या अंकात आम्ही हे सदर लिहितो, असे एकदा तिथे बोलता बोलता तोंडातून निघून गेले. झाले! पुढच्याच बैठकीत क्लबचे न्यूजलेटर आमच्या गळ्यात पडले. पाने चार. पहिल्यावर अध्यक्षांचे मनोगत (नेहमी उशिरा), दुसऱ्यावर मागच्या बैठकीचा वृत्तांत, तिसऱ्यावर 'दुर्बीण विकणे आहे' वगैरे, आणि शेवटच्या पानावर येत्या तीन महिन्यांचे आकाश. हे शेवटचे पान लोक फ्रिजवर लावतात. बाकीची तीन पाने कोण वाचते, ते आम्ही विचारलेले नाही.

घोटाळा झाला तो त्या शेवटच्या पानावर.

मार्च २०२५ मध्ये खग्रास चंद्रग्रहण होते. खगोलशास्त्राच्या कोष्टकांत वेळा जागतिक वेळेनुसार देतात. खग्रास स्थिती १४ मार्च रोजी ६ वाजून २६ मिनिटांपासून ७ वाजून ३१ मिनिटांपर्यंत. आमच्याकडे घड्याळे ९ मार्चलाच एक तास पुढे गेली होती, म्हणून पाच नव्हे, चार तास वजा करायचे. ते आम्ही बरोबर केले: पहाटे २.२६ ते ३.३१. इंजिनिअर माणूस, वजाबाकी तीनदा तपासली. १९९९ साली 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान निव्वळ पौंड आणि न्यूटनच्या गोंधळात गेले, हे आम्ही ऑफिसातल्या नव्या पोरांना नेहमी ऐकवतो. आणि मग मोठ्या टायपात मथळा दिला, 'शुक्रवार, १४ मार्च: रात्री खग्रास चंद्रग्रहण'.

आले लक्षात? १४ तारखेची पहाट म्हणजे गुरुवारची रात्र. शुक्रवारी रात्री ग्रहण केव्हाच आटोपलेले.

आम्ही स्वतः गुरुवारी पुरणपोळी खाऊन, दोनचा गजर लावून झोपलो आणि ड्राइव्हवेत उभे राहून तांबूस चंद्र पाहिला. क्लबातले जुनेजाणतेही हजर होते. ते आमचे पान वाचत नाहीत, त्यांना तारखा पाठ असतात. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही.

शनिवारी सकाळी फोन आला. आपल्याच मंडळातले एक गृहस्थ. आमच्याच आग्रहावरून ते क्लबचे सभासद झाले होते. "अहो, ग्रहण रद्द झालं का?" त्यांनी हसतच विचारले. त्यांनी शुक्रवारची रात्रपाळी बदलून घेतली होती. नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन ते गावाबाहेरच्या मैदानावर गेले. थर्मासमध्ये कोको, अंगावर दोन-दोन स्वेटर. साडेतीनपर्यंत थांबले. चंद्र आपला पांढराशुभ्र. पोरगी म्हणत होती, "बाबा, काकांनी लिहिलंय म्हणजे होईलच."

हे वाक्य आम्हाला फार लागले. ते गृहस्थ रागावले असते तर बरे झाले असते.

सौ.ने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बोट ठेवले. "होळी गुरुवारी. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागतं ना? मग शुक्रवारी रात्री कुठलं?" खरेच की! आपल्या जुन्या रिवाजात वार सूर्योदयाला बदलतो. आजीच्या हिशेबी पहाटेचे अडीच म्हणजे अजून गुरुवारच. आकाश पाहणाऱ्यांनाही मध्यरात्रीची ही कटकट जुनीच आहे. १९२४ अखेरपर्यंत खगोलशास्त्रज्ञांचा दिवस दुपारी बाराला सुरू होत असे, म्हणजे एका रात्रीला एकच तारीख. त्यांचा ज्युलियन दिनांक तर आजही दुपारीच बदलतो. वहीत नोंद करणारे '१३/१४ मार्च' अशी जोडतारीख घालतात, तीही याचसाठी. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असून पानावर उतरले नाही.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या मनोगताच्याही वर, आम्ही आमची चूक छापली. अध्यक्ष म्हणाले, एवढं कशाला, आत कुठेतरी बारीक अक्षरात द्या. आम्ही ऐकले नाही. पण छापलेल्या माफीने ग्रहण परत येत नाही. ७ सप्टेंबर २०२५ चे भारतात दिसणारे, आमच्याकडे नाही. आमच्यासाठी पुढचे थेट ३ मार्च २०२६ चे, तेही पहाटे चंद्र मावळता मावळता.

त्या अंकाच्या वेळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि शेवटच्या पानाचे प्रूफ त्या मुलीपुढे ठेवले. म्हटले, प्रत्येक तारखेपुढे विचार, 'कुठली रात्र?' तिने पेन्सिल घेतली आणि चार ठिकाणी खुणा केल्या. दोन आमच्या चुका, दोन तिच्या शंका. ग्रहणापुढे छापले, 'सोमवारी रात्री झोपा, मंगळवारी पहाटे पाचच्या आत उठा'. अध्यक्षांना ही भाषा बाळबोध वाटली. वाटू दे.

तेव्हापासून ते पान तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही. परवा तिने २०२९ सालचे ग्रहण शोधून काढले. कोष्टकात २६ जून, पण ओहायोत ती २५ जूनची रात्र, साधारण सव्वाअकराचा सुमार. "काका, हे आत्ताच लिहून ठेवा," तिने बजावले. लिहून ठेवले आहे.

असो. आपल्या या अंकातही कार्यक्रमांच्या तारखा मागच्या पानावर आहेत. संपादक आमचे मित्र आहेत, तरी एकदा वार ताडून पाहा. चूक सापडली तर त्यांना फोन करा. न हसता केला तरी चालेल.