पोखर्णीची फेरी आणि बॅटरीची शिल्लक

'एका चार्जिंगमध्ये किती चालेल?' हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. आणि त्याला उत्तरादाखल छापील पत्रकातला आकडा वाचून दाखवण्याचा जो प्रघात आपल्या विजेच्या सायकलींच्या धंद्यात पडला आहे, तो आम्हांस मनापासून खुपतो.

परभणीहून पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनास निघालेल्या स्वाराचेच उदाहरण घ्या. जाऊन-येऊन त्याची सुमारे 36 किलोमीटरांची वाट आहे. त्याची बॅटरी 36 व्होल्टची आणि 7.8 अँपिअर-अवरची असेल, तर जमेच्या बाजूस 280 वॉट-अवर एवढीच रक्कम मांडता येते. पाय न हलवता केवळ थ्रॉटलवर गेल्यास दर किलोमीटरला 12 ते 15 वॉट-अवर खर्ची पडतात. सबब देवदर्शन सुखरूप होईल, परंतु परतताना साडेपाच किलोमीटरांच्या आतच पुरवठा तुटून ती जड सायकल भर रस्त्यात नुसत्या पायांच्या बळावर ओढावी लागेल. तोच स्वार सारखे पेडल मारीत सात-साडेसात वॉट-अवरांत किलोमीटर काटील, तर अगदी काठावर का होईना, घर गाठील. हा हिशेब विक्रीच्या वेळी, गिऱ्हाइकाची नित्याची वाट विचारून, त्याच्या समक्ष पावतीच्या पाठीवर मांडून देणे हे आम्ही विक्रेत्याचे कर्तव्य समजतो.

पाव किलोवॉटाखालची मोटार आणि ताशी 25 किलोमीटरांच्या आतला वेग असलेल्या सायकलीस कायद्याने नोंदणीची माफी दिली आहे. पण म्हणून प्रत्येक वाट त्या कमाल वेगानेच कापावी असे नाही. ताशी 18 वरून 25वर गेले की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. टायरात हवा कमी असेल, ब्रेक रिमला घासत असेल, किंवा पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डाखाली गच्च बसली असेल, तर बॅटरी निष्कारण बदनाम होते. बॅटरी उघडण्यापूर्वी मिस्त्रीने चाक हाताने फिरवून पाहावे.

मीटरवरील दांड्यांविषयीही गिऱ्हाइकास समजावून सांगितले पाहिजे. सुटताना किंवा चढावर भार पडला की व्होल्टेज खाली बसते आणि थांबताच पुन्हा वर येते. यास्तव शिल्लक पाहावयाची ती क्षणभर उभे राहून. पूर्ण भरलेली 36 व्होल्टची लिथियम बॅटरी 42 व्होल्ट दाखवते, आणि 30च्या सुमारास तिच्यातली रक्षक यंत्रणा (बीएमएस) पुरवठा तोडते.

नृसिंहजयंती येते वैशाख शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे परभणीचा पारा चाळिशीपार असण्याच्या दिवसांत. पूर्ण भरलेली बॅटरी तशा उन्हात तासन्‌तास उभी राहिली, तर तिची जी क्षमता झिजते ती पुन्हा भरून येत नाही. सायकल सावलीत लावावी, आणि घरी परतल्यावर बॅटरी निवेपर्यंत चार्जर जोडू नये.