मानवत नाही, हे कोण ठरवणार?

'मला दूध मानवत नाही' हे मराठीतलं जुनं वाक्य आहे. त्यात रोगाचं नाव नाही, कुणाचा दोष नाही. एका माणसाचं एका पदार्थाशी जमत नाही, एवढीच नोंद आहे. या साध्या नोंदीला सध्या दोन शत्रू आहेत. घर तिला नखरे म्हणतं आणि बाजार तिचं 'फूड इन्टॉलरन्स पॅनेल' करून विकतो. माझं भांडण दोघांशी आहे.

आधी घर. सावनेर तालुक्यातलं खापा हे कन्हानकाठचं विणकरांचं गाव. इकडच्या पंगतीत रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि त्याहून जास्त आग्रह वाढला जातो. तिथे 'नको' म्हणणं हा यजमानाचा अपमान ठरतो. 'नको' म्हणणारी घरची सून असेल तर विचारूच नका. 'आमच्यात कुणाला असं होत नाही' या एका वाक्यात तिच्या पोटाचा निकाल लागतो. खरं तर दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर कमी होत जातं. भारतात ते मोठेपणी टिकण्याचं प्रमाण वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी आहे. म्हणजे दूध न पचणारा माणूस विचित्र नाही, उलट जगात तोच बहुमतात आहे.

आता बाजार. बोटभर रक्त द्या, शंभर-दोनशे पदार्थांची लाल, पिवळी, हिरवी यादी घ्या. या चाचण्या बहुधा रक्तातली आयजीजी प्रतिद्रव्यं मोजतात. पण एखादा पदार्थ खाण्यात असला की त्याची अशी प्रतिद्रव्यं निरोगी माणसातही तयार होतात. युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 सालीच सांगितलं की, अन्न न मानवण्याचं निदान करायला ही चाचणी वापरू नये. रोज तूर आणि गहू खाणाऱ्याच्या अहवालात तूर आणि गहू लाल दिसले, तर त्यात नवल काय? तो अहवाल तुमचा आजार मोजत नाही, तुमचा स्वयंपाक मोजतो. आणि त्याचे हजारो रुपये घेतो.

'पण गहू सोडल्यावर मला बरं वाटलं!' असं कुणी म्हणेल. वाटलं असेल, मी ते खोटं म्हणत नाही. पण गव्हाबरोबर बिस्किटं, समोसे, बाहेरचं खाणंही सुटलेलं असतं. शिवाय गव्हात ग्लूटेनखेरीज फ्रुक्टान असतं, आणि तेच कांद्यात आणि लसणातही असतं. स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या 59 जणांवरचा नॉर्वेतला प्रयोग 2018 साली छापून आला. त्यात त्रास जास्त झाला तो ग्लूटेनने नव्हे, फ्रुक्टानने. म्हणजे पोळी सोडून झणझणीत रस्सा ओरपणाऱ्याने कदाचित चुकीचा आरोपी पकडलाय.

चुकीचा आरोपी पकडण्याची किंमत मोठी असते. सीलिअॅक हा गव्हाशी जोडलेला खरा, गंभीर आजार आहे. त्याची रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही गहू खाण्यात असतानाच भरवशाच्या असतात. आधीच गहू सोडला तर खरा आजार निसटू शकतो. आणि सोडणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, आणि ते मुख्यतः गहू-तांदूळच असतं. ज्याला भाकरीकडे परतायचंय त्याने ज्वारी विकत घ्यावी. हातावर पोट असलेल्या बाईच्या ताटातून डाळ, दूध, अंडी एका कागदाच्या जोरावर काढली, तर तिच्या ताटात उरतं काय?

मग करावं काय? वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, रक्त कमी झालं असेल, तर आधी डॉक्टर. खाल्ल्यावर ओठ-घसा सुजत असेल किंवा श्वास अडकत असेल, तर ती अॅलर्जी असू शकते. तिथे घरचे प्रयोग अजिबात नकोत. लहान मुलांवरही नकोत. बाकीच्यांना एक वही पुरते. काय खाल्लं, किती, कधी त्रास झाला, ते लिहा. संशयित पदार्थ एका वेळी एकच, दोन-तीन आठवडे थांबवा. मग तो पुन्हा खाऊन बघा. ही शेवटची पायरीच बहुतेक जण गाळतात, आणि निकाल तर तिच्यावरच लागतो. पुष्कळदा प्रश्न 'खायचं की नाही' हा नसून 'किती' हा असतो. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी कपभर दूध चालतं, दही त्याहून सोपं जातं.

हे काम फुकटचं आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. डॉक्टरांनी पाच मिनिटं देऊन ते समजावावं, ही अपेक्षा जास्त नाही. प्रयोगशाळांनी अहवालावर ठळक छापावं की या यादीवरून आहार बदलू नका. आणि घरच्यांनी, पंगतीत वाढणाऱ्यांनी, 'नको' हा शब्द एकदाच ऐकून पुढच्या पानाकडे जावं. काय मानवत नाही हे ठरवण्याचा पहिला हक्क जेवणाऱ्याचा आहे. तपासून बघण्याची जबाबदारीही त्याचीच.