नित्य नवा ग्राहक

चित्रपट, संगीत, चित्रसंपादनाची साधने किंवा अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा इंटरनेटवरून पुरविणाऱ्या कंपन्या नवागत ग्राहकास सात, चौदा अथवा तीस दिवसांची जी फुकट मुदत देतात, ती ‘फ्री ट्रायल’ संपताच दुसरा ईमेल पत्ता काढून पुन्हा नवागत होण्याचा शिरस्ता आता इतका रुळला आहे की, तो सांगताना कोणी आवाज खाली करीत नाही. उलट कचेरीतील जेवणाच्या सुट्टीत ही युक्ती एकमेकांस शिकविली जाते आणि शिकविणारा थोडा भाव खाऊन जातो. युक्तीही सोपीच. जीमेलच्या पत्त्यात नावामध्ये कोठेही टिंब दिले, किंवा नावापुढे अधिक चिन्ह टाकून काही अक्षरे जोडली, तरी पत्रे त्याच पेटीत येऊन पडतात. नोंदणी करणाऱ्या यंत्रास मात्र तो निराळा मनुष्य वाटू शकतो.

या व्यवहारात दोष आहे असे माझे मत आहे. परंतु तो नेमका कोठे आहे याची हद्द आधी आखून घेतली पाहिजे, कारण ज्या गोष्टींविषयी सज्जन माणसास उगाच संकोच वाटतो, त्यांत बहुधा काहीच वावगे नसते. फुकट मुदत घेऊन पहिल्याच दिवशी सबस्क्रिप्शन रद्द करणे, मुदतीच्या शेवटच्या दिवसाची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवणे, किंवा विकत घेण्याचा विचार नसतानाही केवळ कुतूहलाने सेवा चाखून पाहणे, यांपैकी कशातही अप्रामाणिकपणा नाही. शंभर जणांना फुकट दिले असता त्यांतले काही टिकतील हा हिशेब कंपनीने आपल्या जोखमीवर मांडलेला असतो, आणि न टिकणाऱ्यांत आपण निघालो तर त्यात तिची फसवणूक होत नाही.

दोष आहे तो दुसऱ्या खेपेस. येथे बाजारातल्या आंब्याच्या फोडीची उपमा हमखास दिली जाते. परंतु ती लंगडी आहे. फोड खाल्ली की आंबा तेवढा कमी होतो, चित्रपट पाहिल्याने चित्रपट कमी होत नाही. आणि आंबेवाला आपला चेहरा ओळखतो, म्हणून दुसरी फोड मागताना आपणच संकोचतो. पडद्यापलीकडील दुकानदारास चेहरा दिसत नाही. त्याच्यापाशी आपल्या कथनावाचून दुसरा पुरावा नसतो, आणि ‘ही सवलत फक्त नवीन ग्राहकांसाठी’ या अटीखाली मान्यतेची खूण करताना आपण जे कथन करतो, ते दुसऱ्या वेळी सरळसरळ खोटे असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या, 1872 सालच्या भारतीय करार अधिनियमाच्या 17 व्या कलमातही, आपणांस खरी न वाटणारी गोष्ट दुसऱ्यास करारात ओढण्याकरिता खरी म्हणून सांगणे, हेच कपटाचे पहिले लक्षण मानले आहे. काही शे रुपयांसाठी कोणी फिर्याद करणार नाही, हे खरे. पण फिर्याद होत नाही एवढ्यावरून कृत्य निर्दोष ठरत नाही.

यावर ‘कंपनीचे काय जाते?’ असे विचारले जाते. चित्रपटाच्या बाबतीत फारसे जात नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्या सेवेत प्रत्येक वापरागणिक दूरच्या यंत्रागारातील संगणक आणि वीज खर्ची पडते, तेथे हे उत्तर लागू पडत नाही, आणि जे जाते ते सर्वस्वी कंपनीचेही जात नाही. गिटलॅब ही संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची सेवा. तिच्या फुकट योजनेतून मिळणारी संगणकशक्ती काही लोकांनी खोटी खाती उघडून आभासी चलन मिळविण्याच्या कामी लावली, आणि 2021 सालच्या मे महिन्यात कंपनीने नियम केला की, ही शक्ती वापरू इच्छिणाऱ्या नव्या फुकट सभासदाने आपले क्रेडिट किंवा डेबिट कार्ड पडताळून द्यावे. ज्यांनी लूट केली ते अन्यत्र गेले असतील. पण ज्या विद्यार्थ्यापाशी असे चालणारे कार्डच नाही, त्याच्यापुढे दार लागले. घरी बसून चार पत्ते काढणाऱ्याची लूट त्या मानाने क्षुल्लक खरी, तथापि दारावर पहारा बसतो तो दोघांमुळेही.

याहून वजनदार युक्तिवाद असा की, कंपन्या तरी कोठे सचोटीने वागतात? त्याची दखल घेणे प्राप्त आहे. ॲमेझॉनच्या प्राइम सभासदत्वातून बाहेर पडण्याची वाट इतकी लांब व वळणावळणाची होती की, कंपनीच्या आतल्या माणसांनीच तिला ‘इलियड’ असे होमरच्या महाकाव्याचे नाव दिले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये याविषयी दावा लावला आणि 2025 च्या सप्टेंबरात कंपनीने, दोष कबूल न करता, 250 कोटी डॉलरांची तडजोड केली. आपल्याकडील उदाहरण तर अधिकच मासलेवाईक आहे. जिओने 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू केलेली फुकट सेवा, स्वागताच्या सवलतीस नव्वद दिवसांची मर्यादा असल्याची तक्रार प्रतिस्पर्धी करीत असताना, नववर्षाच्या शुभेच्छांचे नवे नाव घेऊन व रोजचा डेटा कमी करून 31 मार्च 2017 पर्यंत चालली, आणि दुसरी सवलत पहिलीहून निराळी आहे हे म्हणणे दूरसंचार नियामकानेही मान्य केले. नाव बदलून मुदत पुन्हा मिळविण्याची विद्या ग्राहकाने कोठून उचलली, हे निराळे सांगायला नको!

तरीही हा युक्तिवाद एका ठिकाणी अडतो. समोरच्याने लबाडी केली तर त्याच्याशी व्यवहार तोडण्याचा, तक्रारीचा व भरपाईचा हक्क मिळतो. आपण कोण आहोत याविषयी खोटे सांगण्याचा हक्क त्यातून निपजत नाही. शिवाय ही परतफेड कंपनीच्याच पथ्यावर पडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या क्लृप्त्या नोंदविल्या असून, फुकट सेवेकरिता कार्डाचा तपशील वा आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी सक्तीने मागणे, हे त्यांतील ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’चे एक लक्षण मानले आहे. कार्ड का मागता, असे विचारले असता कंपनीस जी सबब सर्वांत सोयीची पडते ती ही की, नाहीतर तेच ते लोक पुनःपुन्हा येतात. आणि आपले प्रत्येक बनावट खाते म्हणजे त्या सबबीला आपणच जोडलेला पुरावा होय.

काही प्रकरणे मात्र मला खरोखर अवघड वाटतात. एकाच घरात नवऱ्याने, मग बायकोने, मग मुलाने आपापल्या नावे मुदत घेतली, तर अट माणशी आहे की घराला, यावर निकाल अवलंबून राहील. विनरार नावाचा जुना प्रोग्राम चाळीस दिवसांची मुदत देतो आणि ती उलटल्यावरही, खरेदीची आठवण करून देत, बिनबोभाट चालत राहतो. तेथे कोणाला खोटे सांगावे लागत नाही, केवळ देणे टाळले जाते, आणि धन्याने जाणूनबुजून दार उघडे ठेवले असल्यामुळे त्या टाळण्याचा मी फारसा बाऊ करणार नाही. नडलेल्या विद्यार्थ्याविषयी मला सहानुभूती आहे. परंतु मुदत वाढवून मागण्याचा अर्ज त्यालाही करता येतो, आणि कचेरीच्या कामाला जसे विनामूल्य लिबरऑफिस आहे, तसे चित्रांच्या कामाला गिंप आहे, ज्यांना मुळी मुदतच नाही. दरमहा पगार घेणाऱ्यांनी तरी ही सबब पुढे करू नये.

अंधारात पैसे कापले जातील या भीतीनेच जे नव्या पत्त्याचा आसरा घेतात, त्यांच्या माहितीकरिता सांगतो: रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून नियमित वळती होणारी रक्कम कापण्यापूर्वी किमान चोवीस तास अगोदर ग्राहकास सूचना गेली पाहिजे, आणि तो ती वसुली थांबवू शकतो. एवढे करूनही कोणी अडवणूक केली, तर नवे खोटे नाव शोधण्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक लावावा आणि तक्रार आपल्या खऱ्या नावाने नोंदवावी.