अंगणाला फरशी नको

आमच्या घरात उन्हाळ्यात एक वाद ठरलेला असतो. यंदा तो एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाला, कारण पेव्हर ब्लॉकवाला येऊन अंगणाचं माप घेऊन गेला. अंगण म्हणजे काही बाग नव्हे. बारा फूट बाय अठरा. त्यात एक लिंबू, एक कढीपत्ता, एक डाळिंब, भिंतीकडेला फालसा, मोगऱ्याची दोन झुडपं आणि पत्र्याच्या डब्यांत वांगी-मिरच्या. उरलेल्या जागेत दोन मोटारसायकली. पावसाळ्यात त्या चिखलात रुततात, म्हणून फरशी हवी. माझ्या मिस्टरांचं म्हणणं इतकंच आहे आणि ते खोटंही नाही.

दीर आले होते, ते म्हणाले, "भाभी, हे घर माणसांसाठी बांधलंय का किड्यांसाठी?"

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याचं उत्तर द्यायला हा लेख लिहायला बसले.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा बेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. शाळेला सुट्टी, पेपर तपासून झालेले. अशा दिवसांत सकाळी सहा ते आठ आणि मग मगरिबच्या आसपासचा तासभर, एवढाच वेळ माणसाला बाहेर बसता येतं. मी तो वेळ अंगणात बाजेवर काढते. सासूबाई होत्या तेव्हा त्या संध्याकाळी मातीवर पाण्याचा छिडकाव करायच्या. शेजारच्या काकू त्याला सडा म्हणतात. शब्द दोन, पण त्यानंतर येणारा वास एकच. मोगरा बरोबर त्याच वेळेला उमलायला लागतो. काकू येऊन ओंजळभर कळ्या आणि कढीपत्त्याची एक डहाळी नेतात, जाताना आंबील किंवा कैरीचं पन्हं ठेवून जातात.

फालसा अम्मींनी म्हणजे सासूबाईंनी लावलेला. आता हे फळ फार कुणाला माहीत नाही. बाजारातही क्वचितच दिसतं, कारण झाडावरून काढल्यावर ते एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. वाटाण्याएवढं, पिकलं की जांभळं-काळं. सगळी फळं एकदम पिकतही नाहीत. रोज सकाळी मूठभर, असं महिनाभर चालतं. व्यापाऱ्याला हे परवडणार कसं? थंडीत झाड चांगलं छाटावं लागतं, कारण फळ नव्या फुटव्यावर येतं. अम्मी दर हिवाळ्यात स्वतः छाटायच्या आणि रमजान उन्हाळ्यात आला की इफ्तारला फालशाचं सरबत व्हायचं. थोडं काळं मीठ, थोडी साखर, बिया गाळून टाकायच्या. वरच्या फांद्यांची फळं त्या काढू द्यायच्या नाहीत. ती बुलबुलांची. पेव्हर ब्लॉकवाल्याच्या नकाशात गाड्या उभ्या करायची जागा नेमकी या फालशावर येते.

आता किड्यांकडे येते.

मी काही निसर्गप्रेमी म्हणून जन्मले नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं लिंबाच्या पानांवर पाखरांची शिट दिसली की मी काठीनं झटकून टाकायची. एकदा सहावीतल्या एका मुलीनं वर्गात डबी आणली. तिच्यात लिंबाचं पान होतं आणि पानावर तीच शिट. "मॅडम, ये चलती है!" म्हणाली. ती अळी होती. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी अशीच तपकिरी-पांढरी दिसते, म्हणजे पाखरांनी तिला शिट समजून सोडून द्यावं. पाखरं फसतात की नाही देव जाणे, मी मात्र फसले होते. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगासारखी वस्तू बाहेर काढते आणि लिंबाचा उग्र वास सोडते. वर्गातल्या पोरांनी ते पाहण्यासाठी तिला इतकं छळलं, की शेवटी डबी मला टेबलाच्या खणात ठेवावी लागली. पुढं तिचा कोष झाला, आणि साधारण दहा दिवसांनी परिपाठाच्या वेळी फुलपाखरू बाहेर आलं. त्या दिवशी पहिला तास झाला नाही. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, कारण तेही खिडकीत उभे होते.

मी घरी येऊन कढीपत्ता तपासला. तिथंही अळ्या होत्या. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं, म्हणून या कुळातल्या झाडांवर वाढणारी फुलपाखरं तिथंही अंडी घालतात. आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, निळा-काळा नीलवंत, त्याच्या अळ्याही लिंबूवर्गातल्या झाडांवरच वाढतात. २०१५ साली त्याला हा मान मिळाला. नीलवंत आमच्या अंगणात मी अजून पाहिलेला नाही, तो ओल्या मुलखातला. पण लिंबावरची काळी-पिवळी फुलपाखरं एप्रिलभर असतात. त्या बदल्यात झाडाची काही पानं कुरतडलेली दिसतात. माझ्या माहेरचे लोक आले की म्हणतात, "झाडाला रोग पडलाय, काहीतरी मार." मी मारत नाही. लिंबं तशीही घरच्यांना पुरून उरतात.

मारायचं सोडलं त्याला कारण डाळिंब. ही माझीच चूक आहे आणि ती सांगितली पाहिजे. डाळिंब सोलापूरचं, त्यामुळं प्रत्येकाला त्यातलं कळतं अशी प्रत्येकाची समजूत. एका वर्षी झाडाला भरपूर फुलं आली आणि निम्म्याहून जास्त गळायला लागली. मी घाबरून दुकानात गेले. दुकानदारानं न विचारता एक बाटली दिली. मी सकाळी आठ वाजता, झाड फुलांनी लगडलेलं असताना, ती फवारली. दुपारी झाडाखाली माश्या पडलेल्या होत्या. काही पाय हलवत होत्या. त्या वर्षी डाळिंबाला मोजून तीन फळं लागली.

नंतर एका डाळिंबवाल्या शेतकऱ्यानं, माझ्याच विद्यार्थ्याच्या वडिलांनी, समजावून सांगितलं. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक घंटेसारखं, तळाशी निमुळतं. ते नर फूल, ते गळणारच. दुसरं सुरईसारखं, बुडाशी फुगीर. फळ त्याला धरतं. जी गळ मी रोग समजले ती झाडाची रीत होती. मी दोनशे रुपये खर्चून फळ धरवणाऱ्या माश्याच मारल्या. फळ पोखरणारी अळी असते, ती खरी शत्रू. तिच्यासाठी आता मी लिंबाएवढी झालेली फळं जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून बांधून टाकते. झाड ईदची खरेदी करून आल्यासारखं दिसतं, पण फळ शाबूत राहतं.

ज्या किड्यानं मला फरशीच्या विरोधात उभं केलं, तो मात्र वांग्यावरचा. वांग्याचं फूल नीट बघा. मधले पिवळे पुंकेसर बंद नळ्यांसारखे असतात आणि परागासाठी फक्त टोकाला बारीक छिद्र. साध्या मधमाशीला ते जमत नाही. पण निळ्या पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशी येते, फूल पायांनी घट्ट धरते आणि अंग थरथरवते. बारीक गुणगुण ऐकू येते, आवाज मध्येच चढतो आणि पराग मिठासारखा खाली सांडतो. मोठा काळा भुंगाही हेच करतो. वांगी धरतात ती यांच्यामुळं. या निळ्या पट्टेवाल्या माशीचं पोळं नसतं. ती मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. आमच्याकडं ती जातेयेते फालशाच्या बुडाशी. जगातल्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती अशाच जमिनीत राहणाऱ्या आहेत. पोळं बांधून मध देणाऱ्या थोड्या. आपण ओळखतो फक्त त्यांना, कारण त्या आपल्याला काहीतरी देतात.

म्हणजे झाडाभोवती दीड फुटाचं आळं सोडून बाकी फरशी टाकली तर झाडं राहतील, फुलं येतील, पण त्या फुलांकडं येणारे कुठं राहणार? उन्हाळ्यात वळचणीखालच्या मऊ मातीत चाडीसारखे खळगे दिसतात. त्यांच्या तळाशी मुंग्या पकडणारी अळी दबा धरून असते. लहानपणी आम्ही तिला तळहातावर घेऊन उलटी चालताना बघायचो. आमच्या गल्लीत आता असे खळगे फक्त आमच्याच अंगणात उरलेत, म्हणून सुट्टीत शेजारची पोरं इथं येऊन पालथी पडतात. बाकी सगळ्यांच्या दारात चकचकीत ब्लॉक. दुपारी अनवाणी पाय ठेवून दाखवा त्यांच्यावर!

डासांचा मुद्दा हमखास निघतो. झाडं आहेत म्हणून डास आहेत, असं आमच्या घरातही ऐकू येतं. डास पानावर बसतो, पण वाढतो पाण्यात. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरोघरी पिंपं भरलेली. कूलरच्या टाकीत पाणी, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये पाणी. डेंगीचा डास त्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एक कोरडा दिवस, पिंप घासून पालथं घालणं. तेवढं करायचा कंटाळा, मात्र धुराची गाडी आली की सगळे खूश. त्या धुरानं पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही, अंगणातली पाखरं-माश्या मात्र मरतात.

मदरशात शिकलेल्या आमच्या मुलांना नहल, नमल, अनकबूत या सूरहंची नावं पाठ असतात. मधमाशी, मुंगी, कोळी. मी वर्गात विचारते, नमलमधली मुंगी काय सांगते? हात भराभर वर होतात : सुलेमान अलैहिस्सलामचं लश्कर येतंय, आपापल्या घरात जा. मग विचारते, मुंगीचं घर तुम्ही कुणी पाहिलंय? हात खाली येतात. झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य, ही हदीसही त्यांना येते. अम्मींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वरच्या फांद्या बुलबुलांच्या, हे त्या याच हिशेबानं म्हणत असणार.

आता दुसऱ्या बाजूचंही. मातीचं अंगण म्हणजे काम. रोज झाडणं, पालापाचोळा, पावसाळ्यात घरभर पावलांचे ठसे. लाल मुंग्यांनी मला स्वतःला चार वेळा चावलंय. मागच्या जुलैत मोटारसायकल घसरून मिस्टरांच्या घोट्याला लागलं, ते अजून थंडीत दुखतं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस काठी घेऊन चालतं, त्यांना मी फरशी टाकू नका असं सांगणार नाही. माझा राग आहे तो काही कारण नसताना, शेजाऱ्यानं केलं म्हणून, भिंतीपासून भिंतीपर्यंत माती बुजवण्यावर.

शेवटी घरात तह झाला. फाटकापासून दोन पट्ट्या, चाकांच्या रुंदीच्या, शहाबादी फरशीच्या. गाड्या लिंबाकडच्या भिंतीला लागतील, फालसा जागेवर राहील. दीर म्हणाले, "भाभी जिंकल्या." जिंकले वगैरे काही नाही, मोगऱ्याचं एक झुडूप काढावं लागतंय. ते काकूंच्या दारात लावायचं ठरलंय, त्यांनी खड्डा खणून ठेवलाय.

पट्ट्यांचं काम मृग लागायच्या आत उरकायचं आहे. पहिल्या पावसानंतर आमच्या अंगणात मखमली लाल मृगाचे किडे निघतात, उर्दूत ज्यांना बीरबहूटी म्हणतात. वर्षभर ते याच मातीत असतात. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे शास्त्राप्रमाणे तो कीटक नव्हेच. धाकटीनं गेल्या वर्षी अकरा मोजले होते. मिस्त्रीला मी सांगून ठेवलंय, फालशाच्या बाजूची माती उकरू नको. तो मान हलवून गेला, पण काम सुरू होईल त्या दिवशी मी रजा टाकून तिथंच बसणार आहे.