आधी माणूस, मग गाडी!

आपल्याकडे रस्त्यावर मोटरसायकल पडली की दोन प्रकारचे लोक धावतात. एक गाडी उचलणारे, दुसरे मोबाईल उचलणारे. पडलेल्या माणसाकडे जाणारा तिसऱ्या नंबरवर येतो. वीसेक वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितो आहे, म्हणून हे बोलण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो. आज थोडं लांब लिहितो, शेवटपर्यंत वाचा.

भद्रावतीत गाडी पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. एका बाजूला वरोरा, दुसऱ्या बाजूला घोडपेठ-ताडाळी, तिकडं माजरी. चारही बाजूंनी कोळशाचे ट्रक. ताडपत्री असते, पण पूर्ण झाकलेली किती ट्रकांवर असते ते तुम्हीच मोजा. सांडलेल्या चुरीवर पावसाची पहिली सर आली की वळणावर काळा चिखल होतो. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की स्प्लेंडर असो की बुलेट, सगळ्या सारख्याच आडव्या होतात. ड्युटीवर जाणारा कामगार, गावोगावी फिरणारी आशाताई, शाळेत जाणाऱ्या मॅडम, दूधवाला, सगळे याच रस्त्यानं जातात.

पडल्यानंतरचा पहिला मिनिट सगळ्यात धोक्याचा. माणूस लाजेनं उठतो, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघतो आणि वाकून गाडी ओढायला लागतो. मागून ट्रक येतो आहे का, ते बघत नाही. चाळीस-पन्नास टन वजनाची गाडी जागेवर थांबत नाही भाऊ. गाडीचा आरसा दोनशे रुपयांत येतो, पाय येत नाही. म्हणून आधी स्वतः रस्त्याच्या कडेला व्हा. हातपाय हलवून बघा. मदतीला कोणी आलं तर त्यातल्या एकाला मागं पाठवा, हात दाखवून गाड्या थांबवायला सांगा. अंधार असेल तर मोबाईलचा टॉर्च तिकडं वापरा, व्हिडिओला नाही.

मग गाडी. हे कोणी शिकवत नाही म्हणून सविस्तर सांगतो.

चावी बंद करा. पेट्रोल सांडलं असेल तर आजूबाजूच्या बिडी-सिगारेटवाल्याला लांब करा. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला हात किंवा पोटरी लागू देऊ नका. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उचलताना गाडी पलीकडं गेली तरी स्टँडवर टेकेल. डाव्या अंगावर पडली असेल तर स्टँड खाली दबलेला असतो, तो गाडी उभी झाल्यावर काढायचा. गिअरची गाडी असेल तर गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. स्कूटी असेल तर ब्रेक दाबून धरा, नाहीतर चाकाला दगड लावा.

आता मुख्य गोष्ट. आपण काय करतो? गाडीकडं तोंड करून कमरेतून वाकतो आणि हँडल धरून हिसका मारतो. साध्या स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो, क्लासिक ३५० चं सुमारे १९५ किलो. एवढं वजन वाकलेल्या कमरेवर घेतलं की कमर धरतेच. त्याऐवजी गाडीकडं पाठ करा. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गुडघे वाकवून खाली बसा आणि बूड सीटच्या कडेला टेकवा. एका हातानं हँडलची जमिनीकडची मूठ धरा, दुसऱ्या हातानं मागची पकड. पाठ सरळ, नजर समोर. मग पायांनी जोर लावत लहान-लहान पावलं मागं टाकत जा. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. गाडी उभी व्हायला आली की जोर कमी करा, नाहीतर ती पलीकडं आडवी होते.

दोघं असाल तर फार सोपं. दोघंही एकाच बाजूला, एक हँडलजवळ, एक मागं, आणि ‘एक-दोन-तीन’ म्हणून सोबत उचला. पोटुशी बाई, नुकतं ऑपरेशन झालेला माणूस, खांद्याला मार लागलेला, यांनी उचलूच नये. हाक मारण्यात कमीपणा नाही.

उभी झाली की लगेच किक मारू नका. ब्रेक लागतो का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागं येतो का, हँडल सरळ आहे का, पेट्रोल गळतं का ते बघा. अनेक नव्या गाड्या पडल्यावर इंजिन आपोआप बंद होतं. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की त्या सुरू होतात. उगाच धक्के मारत बसू नका.

गाडीखाली माणूस अडकला असेल तर गाडी ओढायची नाही, चौघांनी मिळून सरळ वर उचलायची. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. १०८ ला फोन लावायचा.

‘पोलिसांची झंझट कोण मांगे घेईल बाप्पा?’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारच्या राहवीर योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे. म्हणजे कायदा तुमच्या बाजूनं उभा आहे, अडचण फक्त आपल्या मनात आहे.

आणखी एक. बाईची स्कूटी पडली की चार जण हसतात, ‘तुले नाही जमत तर चालवतं काहून?’ म्हणतात. वर सांगितलेल्या पद्धतीत दंडाची ताकद लागतच नाही. एकदा शिकली की ती एकटी उचलेल. तिला शिकवलंच नाही, हा दोष तिचा कसा?

लायसन्ससाठी आपण आठचा आकडा काढून दाखवतो. पडलेली गाडी उचलून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, भाषणं होतात, हार-तुरे होतात. त्याऐवजी शाळेच्या मैदानावर एक जुनी गाडी आडवी टाका आणि पोरापोरींना ती उचलायला लावा. फक्त अर्धा तास लागतो. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी हे आजपासून सुरू करावं, त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

पण उचलायला शिकलो म्हणजे पडायला परवानगी दिली असं नाही. रस्त्यावरची चुरी उचलणं आणि ट्रक नीट झाकणं ही ज्यांची जबाबदारी आहे, त्यांनी ती पार पाडावी. प्रत्येक वेळी ‘गाडी हळू चालवा’ हा उपदेश दुचाकीवाल्यालाच का? तुमच्या रोजच्या रस्त्यावर असं निसरडं वळण कुठं आहे, ते ठिकाणासह खाली लिहा. यादी करू आणि सगळे मिळून तहसीलदारांच्या टेबलावर ठेवू. निवेदन द्यायला मी सोबत येतो.